कमी चाललेल्या जुन्या एमजीचा रास्त भाव कसा काढायचा

काट्यावर १८,६४० मैल होते. गाडी १९५१ ची एमजी टीडी, म्हणजे जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार, दोन माणसांची, उघड्या टपाची, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची. देवळाली कॅम्पातल्या एका पारशी बंगल्याच्या गॅरेजमध्ये १९८६ पासून ताडपत्रीखाली उभी. मालकीणबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. सांगितलेली किंमत २६ लाख. माझा भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, एवढ्या वर्षांत फक्त अठरा हजार मैल. अशी गाडी परत मिळायची नाही. उद्या बयाणा देऊन टाकतो."

मी म्हटलं, बयाणा राहू दे, आधी मी येऊन बघते.

मी नाशिकमध्ये २४ वर्षं मोटार विम्याची सर्व्हेअर म्हणून काम करते. आपटलेली, बुडालेली, जळालेली गाडी बघायची आणि तिची किंमत काय होती, आता काय उरली, हे कागदावर मांडायचं, हा माझा रोजचा धंदा. वडिलांचं सारडा सर्कलजवळ गॅरेज होतं, त्यामुळे जुन्या इंग्लिश गाड्यांची ओळख लहानपणापासूनची. गेल्या काही वर्षांत ओळखीतले लोक अशा गाड्या घेण्याआधी मला सोबत नेतात. प्रत्येक वेळी मी जे करते तेच इथे लिहिते आहे, आणि देवळालीची गाडी उदाहरणाला घेते आहे. आकडे त्या गाडीपुरते समजा. पद्धत मात्र कुठल्याही गाडीला लावता येईल.

काट्यावरचा आकडा आणि घरातली गोष्ट

ब्रिटिश गाडीचा काटा मैलात असतो, हे पहिलं लक्षात ठेवा. १८,६४० मैल म्हणजे जवळपास ३०,००० किलोमीटर. दुसरं, या काळातल्या मीटरवर पाचच आकडे असतात. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्यापासून सुरुवात. तिसरं, मीटर चालतो तो गिअरबॉक्सकडून येणाऱ्या एका केबलवर. ती केबल तुटली किंवा काढून ठेवली, तर गाडी दिल्लीला जाऊन आली तरी आकडा जागचा हलत नाही. म्हणून काट्यावरचा आकडा हे विकणाऱ्याचं म्हणणं समजायचं आणि तपासायचं.

मी तपासणी गाडीपासून सुरू करत नाही, घरातल्या गोष्टींपासून करते. चहा घेते आणि विचारते, गाडी कधी घेतली, कोण चालवायचं, कुठे कुठे जायचात? विकणाऱ्याला या गप्पा आवडतात आणि त्यातूनच हिशेब निघतो. मालकीणबाई, म्हणजे आमच्या आंटी, म्हणाल्या, "दीकरी, ही गाडी फार नाही चालली. माझ्या मिस्टरांनी पंचावन्न साली मुंबईत घेतली. रोज नाशिकरोड स्टेशनपर्यंत न्यायचे, तिथून गाडी पकडायचे. आणि महिन्यातून एकदा आम्ही दोघं मुंबईला, कसारा घाटातून. बासष्टमध्ये फियाट घेतली, मग ही अशीच."

वहीत मांडून बघितलं. कॅम्प ते नाशिकरोड जाऊन-येऊन धरले नऊ मैल. वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे २,७०० मैल. सात वर्षांचे १८,९०० झाले. मुंबई जाऊन-येऊन साधारण २१० मैल, वर्षाच्या बारा खेपा, म्हणजे २,५२०. सात वर्षांचे १७,६४०. दोन्ही मिळून ३६,५४०. यात १९५१ ते १९५५ या काळात मुंबईतल्या पहिल्या मालकाने चालवलेले मैल नाहीत, आणि बासष्टनंतरची किरकोळ फेरीही नाही. मग काट्यावर १८,६४० कसे?

आंटी खोटं बोलत नव्हत्या. त्यांना तो आकडा खराच वाटत होता. अशा घरात मी हिशेबाच्या वह्या मागते. जुन्या पारशी घरांत आणि जुन्या वाड्यांत त्या हमखास सापडतात. कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यांनी सहा वह्या काढल्या, गुजरातीत लिहिलेल्या. भाच्याच्या एका मित्राला गुजराती येत होतं, त्याने दुपारभर वाचून काढल्या. टायर, पेट्रोल, ड्रायव्हरचा पगार, सगळं होतं. १९५८ च्या वहीत एक ओळ सापडली, स्पीडोमीटरची केबल तुटल्याची. नवी बसवल्याची नोंद १९६१ मध्ये. तीन वर्षं काटा बंद होता.

म्हणजे गाडी १८ हजार मैलांची नव्हतीच, चाळीस हजारांच्या आसपासची किंवा त्याहून पुढची होती. सत्तरी ओलांडलेल्या गाडीला चाळीस हजार मैलही थोडेच आहेत, पण "कमी चाललेली" म्हणून जे जादा पैसे मागितले जात होते त्यांचा आधार तिथे संपला.

वह्या मिळाल्या नाहीत तर काय बघाल? आरसी बुकातल्या जुन्या नोंदी, विम्याच्या पॉलिस्या, गॅरेजची बिलं, तारीख असलेले फोटो. ज्या कागदावर तारीख आणि रिडिंग दोन्ही एकत्र आहेत तो कागद सोन्याचा. असे तीन-चार कागद निरनिराळ्या वर्षांचे असतील आणि आकडे चढत्या क्रमाने जात असतील, तर मी कमी रिडिंग मान्य करते. एकही नसेल, तर आकडा अज्ञात धरते आणि त्यासाठी एक पैसाही देत नाही.

गाडीच्या अंगावर काय लिहिलेलं असतं

कागदानंतर गाडी. पाय टेकतात तो पेडलचा भाग, गिअरच्या दांड्याची मूठ, ड्रायव्हरच्या बाजूची गादी, दाराची खालची पट्टी. दोन्ही बाजूंची तुलना करा. ड्रायव्हरची बाजू झिजलेली आणि शेजारची कोरी, हे नैसर्गिक. दोन्ही एकसारख्या कोऱ्या असतील तर गादी बदललेली आहे, मग "सगळं ओरिजिनल" हा शब्द जपून ऐका.

पण माझा सगळ्यात जास्त विश्वास बोल्टच्या डोक्यांवर. टीडीच्या १,२५० सीसी इंजिनाला कंपनीचं नाव एक्सपीएजी. त्याचं वैशिष्ट्य असं की बोल्टचे आटे मेट्रिक आहेत आणि डोकी मात्र व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाची. त्या मापाचा पाना आपल्याकडच्या साध्या गॅरेजात सहसा नसतो. मग मिस्त्री जवळच्या मापाचा पाना लावतो, तो घसरतो आणि डोक्याच्या सहा कोपऱ्यांचे गोल होतात. एकदा उघडलेल्या इंजिनावर हे हलकं दिसतं. चार वेळा उघडलेल्यावर बोल्ट सुपारीसारखे गोल झालेले असतात.

देवळालीच्या गाडीच्या व्हॉल्व्ह कव्हरच्या बाजूला टॉर्च धरून मी एकेक बोल्ट बघितला. सिलिंडर हेडच्या नटांचे कोपरे धारदार होते, बोट फिरवलं तर टोचावेत असे. खाली तेलाच्या पात्राचे बोल्ट मात्र काही गोल झालेले. म्हणजे हेड एकदाच, नीट पान्याने उघडलेलं किंवा उघडलेलंच नाही, आणि खालून मात्र कुणीतरी हात घातलेला. बोल्टांवरची ही खूण काट्यासारखी मागे फिरवता येत नाही.

सोबत आलेले मिस्त्री नाशिकच्याच द्वारका भागात चाळीस वर्षं अँबेसिडरचं काम करतात, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. जुन्या इंग्लिश गाडीला माणूस शोधायचा तर अँबेसिडरवाला शोधा. तिचं १,४८९ सीसी बी-सीरिज इंजिन आणि एमजीए, एमजीबी या एमजीच्या नंतरच्या गाड्यांची इंजिनं एकाच कुळातली आहेत. टीडीचं कूळ वेगळं, जुनं, पण कार्ब्युरेटर त्याच एसयू कंपनीचे आणि विचार करण्याची रीत तीच.

उभी राहिलेली गाडी

इथे बहुतेक खरेदीदार चुकतात. कमी चालली म्हणजे कमी झिजली, एवढंच त्यांना दिसतं. गाडी उभी राहिली की दुसऱ्या तऱ्हेने खराब होते आणि ते खराब होणं काट्यावर कुठेच दिसत नाही.

टीडीचा पाया म्हणजे चेसिस लोखंडी, पण वरच्या पत्र्याच्या आत लाकडाची चौकट आहे, अ‍ॅश नावाच्या विलायती लाकडाची. पायाखालच्या फळ्याही लाकडीच. पत्रा या चौकटीवर ठोकलेला असतो. लाकूड गेलं की पत्रा कितीही चकचकीत असला तरी गाडीचा सांगाडा गेला.

टीडीचं दार मागच्या खांबाला टांगलेलं असतं आणि पुढून उघडतं. मी दार अर्धं उघडलं, पुढच्या टोकाला खालून दोन्ही हातांनी धरलं आणि हळूच वर उचललं. नजर दारावर ठेवायची नाही, बिजागरीवर ठेवायची. बिजागरीची पट्टी खांबापासून सुटून हलली, पाव इंच तरी. मग दाराच्या खालच्या कोपऱ्यात गादीचं कापड दोन खिळे काढून बाजूला केलं आणि टोचा घेऊन लाकडाला लावला. चांगल्या लाकडात टोचा शिरत नाही, थोडा जोर दिला तरी वरच अडतो. इथे तो दीड इंच गेला, लोण्यात जावा तसा. बाहेर काढला तर टोकाला बारीक, पिवळट पूड. खाली जमिनीवर ओल्या मातीची पेन्सिलीएवढी जाड नळी भिंतीकडून मागच्या चाकापर्यंत आलेली होती.

वाळवी. देवळालीच्या जुन्या बंगल्यांत, आंब्याच्या झाडांखालच्या गॅरेजांत, ही नेहमीची गोष्ट. इंग्लंडमधली मार्गदर्शक पुस्तकं कुजलेल्या लाकडाबद्दल पानंच्या पानं लिहितात, वाळवीबद्दल लिहीत नाहीत, कारण त्यांना ती भेटत नाही. आपण गॅरेजची जमीन आणि भिंत आधी बघायची, मग गाडी. उजवीकडचा मागचा खांब, खालचा लाकडी पाट आणि फळ्या गेल्या होत्या. डावी बाजू ठणठणीत.

आपल्याकडे हे काम करणारा सुतार मिळतो. सागवानाची चौकट करून देतो, आणि चांगली टिकते. पण पत्रा सोडवून परत चढवणं हे वेळेचं काम आहे, आणि मूळ लाकूड गेलं ते गेलं.

बाकीचं तुलनेने लवकर सांगता येईल. ब्रेकचं तेल हवेतली ओल पितं. उभ्या गाडीत सिलिंडरच्या आतून खड्डे पडतात, म्हणून सगळे व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर बदलायचे असं धरूनच चालायचं. टीडीचे चारही ब्रेक ड्रमचे आणि सगळी नळी एकाच सर्किटची. एक सिलिंडर फुटला की पेडल थेट तळाला जातं. यात काटकसर करू नका. टायरवर बनवण्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, २००० नंतरच्या टायरवर चार आकडी. दहा वर्षांहून जुने असतील तर नक्षी कितीही खोल असो, बदला. पेट्रोलची टाकी आतून बघायला बारीक टॉर्च न्या. जुन्या पेट्रोलचा डिंक होतो, वास वार्निशसारखा येतो. नवं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं, त्यात जुन्या रबरी नळ्या टिकत नाहीत, त्याही बदलायच्या.

इंजिन चालू करण्याचा हट्ट विकणाऱ्याला करू देऊ नका आणि ढकलून तर मुळीच नाही. चाचांनी आधी तळाचं बूच सैल केलं. तेलाच्या आधी पाणी येतं का ते बघायचं. नव्हतं. मग चारही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचा-दोन चमचे तेल सोडलं आणि आम्ही परत आलो. दोन दिवसांनी हँडल लावून हाताने फिरवलं. पहिल्यांदा हललं नाही. चाचांनी वजन टाकलं, अर्धा फेरा, मग पूर्ण, मग गुळगुळीत. चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजलं तेव्हा सगळे एकमेकांच्या दहा टक्क्यांत होते. आकडा किती यापेक्षा चारही सारखे आहेत का, हे महत्त्वाचं.

नवी बॅटरी जोडताना सांभाळा, या गाड्यांत प्लस टोक बॉडीला असतं. चाचांनी किल्ली फिरवली आणि पेट्रोलच्या पंपाचा आवाज आला नाही. एसयूचा विजेवरचा पंप चावी लावली की टकटक वाजायला हवा. त्यांनी पान्याच्या मुठीने पंपाच्या डोक्यावर हलकेच दोनदा ठोकलं. टक. टक. टकटकटक. आंटी व्हरांड्यात उभ्या होत्या. "हाच आवाज," त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

इंजिनाच्या मागे तेलाचा थेंब पडला तर घाबरू नका. या इंजिनाला मागच्या बाजूला रबरी सील नाही, तेल परत फिरवणारे आटे आहेत. थोडं गळणं त्याच्या बनावटीतच आहे, त्यासाठी किंमत कापू नका.

ज्यांना एमजीबी किंवा ट्रायम्फ बघायची आहे त्यांच्यासाठी एवढंच: एमजीबीला वेगळा चेसिस नाही, दाराखालचा पत्र्याचा पाट हाच तिचा कणा, तो गंजला तर लाकडाइतकाच मोठा खर्च. गंज झाकायला भरलेल्या पुट्टीवर चुंबक चिकटत नाही, म्हणून लहानसं चुंबक खिशात ठेवा. ट्रायम्फच्या स्पिटफायरचा चेसिस त्याच कंपनीच्या हेराल्डवरून घेतलेला आहे, आणि मद्रासला १९६१ ते १९७१ स्टँडर्ड हेराल्ड बनत होती. म्हणून तिचे काही भाग आपल्याकडच्या जुन्या भंगारात अजून सापडतात. या सोयीचाही भावात विचार करा.

जादा पैसे कशाचे द्यायचे

टीडी १९४९ च्या शेवटापासून १९५३ पर्यंत बनल्या, सगळ्या मिळून जवळपास ३०,०००. तीनचतुर्थांशाहून जास्त अमेरिकेला गेल्या, डाव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. इंजिनाचे, ब्रेकचे, बॉडीचे बहुतेक भाग परदेशात आजही नव्याने बनतात. म्हणजे झिजलेला भाग पैसे टाकून मिळतो. मूळ इंजिन गेलं तर ते मात्र मिळत नाही. म्हणून माझा ठाम नियम: मैलांपेक्षा अस्सलपणाला जास्त पैसे द्या.

आपल्याकडे जुन्या गाडीत अँबेसिडरचं किंवा फियाटचं इंजिन टाकणं सर्रास चाललं, कारण सुटे भाग आणायला परवाने लागायचे. त्या माणसांनी गाड्या चालत्या ठेवल्या, त्याबद्दल मला आदर आहे, पण भाव ठरवताना ती गाडी वेगळी. टीडीच्या इंजिनावर अष्टकोनी पितळी पट्टी असते आणि तिच्यावर एक्सपीएजी, टीडी आणि क्रमांक कोरलेला असतो. पट्टीच्या रिबेटांकडे भिंग लावून बघा. एक जुना काळा आणि एक नवा चमकता असेल तर पट्टी काढून लावलेली आहे. चेसिसचा क्रमांक पुढच्या डाव्या टोकाला लोखंडावर ठोकलेला असतो, तो आरसीशी अंकाअंकाने जुळवा. एमजीच्या टीडीचे चेसिस क्रमांक ०२५१ पासून सुरू होतात. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याचा फोन क्रमांक २५१ होता, म्हणून. त्याहून लहान क्रमांक कुणी दाखवला तर तिथेच थांबा.

आंटींच्या गाडीचे दोन्ही क्रमांक जुळले. पितळी पट्टीचे रिबेट सारखेच काळवंडलेले होते. सीटमागे पावसाचे बाजूचे पडदे गुंडाळून ठेवलेले, हत्यारांची पिशवी, पुस्तिका. हे सगळं बघून मला खरोखर आनंद झाला, आणि मी भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं की गाडी घेण्यासारखी आहे, भाव फक्त चुकला आहे.

कागदपत्रं

गाडी आंटींच्या मिस्टरांच्या नावावर होती आणि ते वारलेले. अशा वेळी आधी वारसाच्या नावावर करून घ्यायची, त्याला फॉर्म ३१. मग विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या आरटीओची नोंदणी असेल तर तिथली एनओसी, फॉर्म २८. एकापेक्षा जास्त वारस असतील तर सगळ्यांची संमती बयाण्याच्या आधी. एक मुलगी परदेशात आहे, ती नंतर सही करेल, असं ऐकलं की मी तिथेच थांबते. जुन्या नोंदण्या वाहन पोर्टलवर नसतात, त्यांची बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद पोर्टलवर चढवणं, करून घ्यावी लागते. त्यासाठी आरटीओच्या फेऱ्या धरा.

२०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. आधीचा जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो. पण अशी गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांपुरतीच. रविवारी गंगापूर धरणाकडे चक्कर मारायची स्वप्नं बघणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. दुसरी गोष्ट, मूळ इंजिन बदललेलं असेल तर "मूळ रूपात" हा शब्द अडतो. म्हणजे अँबेसिडरच्या इंजिनाने कागदाची किंमतही कमी होते.

जुन्या पॉलिसीवरची रक्कम भाव म्हणून धरू नका. पाच वर्षांहून जुन्या गाडीची विम्याची रक्कम कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. प्रीमियम वाचवायला ती कमी लिहिलेली असते, किंवा अभिमानाने जास्त. खरेदीनंतर मात्र स्वतःच्या पॉलिसीत नीट फोटो आणि मूल्यांकन देऊन योग्य रक्कम लिहून घ्या. नाहीतर अपघातानंतर माझ्यासारखीलाच तुम्हाला वाईट बातमी द्यावी लागते.

बाजारभाव आणि वजाबाकी

मागितलेली किंमत हा बाजारभाव नसतो. प्रत्यक्षात किती पैसे हातात पडले ते विचारायचं, तेही निदान तीन सौद्यांचं. नाशिकमध्ये तीन मिळणार नाहीत, पुणे-मुंबईच्या ओळखींना फोन करावे लागतात, आणि माणूस खरं सांगेल इतकी ओळख लागते. इंग्लंडच्या लिलावांचे भाव उघड असतात, पण पाउंडाचे रुपये करून इथे लावू नका. बरीच वर्षं १९५० पूर्वीच्याच गाड्या मोकळेपणाने आणता यायच्या, म्हणून १९५० नंतरच्या गाड्यांचा आपल्याकडचा साठा बंदिस्त होता आणि भाव चढे होते. २०२५ मध्ये ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना वाट मोकळी झाली. ड्युटी आणि जहाजभाडं धरून आणलेली गाडी आजही महागच पडते, पण "अशी दुसरी मिळणारच नाही" हे वाक्य आता पूर्वीइतकं खरं नाही. गेल्या वर्षीचा चढा भाव कुणी सांगितला तर हे लक्षात ठेवा.

मला तीन सौदे कळले, चालत्या, बऱ्या, प्रामाणिक टीडींचे. १९, २१ आणि २३ लाख. मी २१ धरले.

अस्सल क्रमांक, हत्यारं, पडदे, सत्तर वर्षांचे कागद, यासाठी अधिक दोन. झाले २३. कमी रिडिंगसाठी शून्य, कारण सिद्ध होत नव्हतं. तारखांसह सिद्ध झालं असतं तर मी बाजारभावाच्या दहा टक्क्यांपर्यंत, फार तर पंधरा, वर गेले असते, त्याहून पुढे नाही. कमी मैलांसाठी दिलेले जादा पैसे ती गाडी चालवली की कमी होत जातात. म्हणजे तुम्ही न वापरण्याचे पैसे देता, आणि तुम्हाला तर ती वापरायची आहे.

आता वजा. चाचांशी बसून एकेक ओळ लिहिली:

लाकूड आणि पत्रा, २,२०,०००.
पाच टायर, ट्यूबसकट, ९५,०००.
वायरिंग, ६५,०००. कापडी वेष्टणाच्या वायरी हात लावला की चुरत होत्या.
ब्रेक, ५५,०००.
टाकी, पंप, कार्ब्युरेटर, नळ्या, ४०,०००.
रेडिएटर आणि पाण्याचे होज, २५,०००.
कागदपत्रं, ३०,०००.

एकूण ५,३०,०००. यातले कागद सोडून उरलेल्या पाच लाखांचा चौथा हिस्सा, १,२५,०००, न दिसलेल्या गोष्टींसाठी. हा चौथा हिस्सा कधीच सोडू नका. पंधरा वर्षांपूर्वी एका ओळखीच्याला मी उभ्या गाडीचा अंदाज दिला आणि हा हिस्सा धरला नाही. गिअरबॉक्स उघडल्यावर आतून गंज निघाला, त्याचे जवळपास सव्वा लाख वर गेले. त्याने मला एक शब्द बोलून दाखवला नाही, पण ते पैसे माझ्या अंदाजाने गेले. तेव्हापासून ती ओळ मी आधी लिहिते.

२३ लाखातून ६,५५,००० गेले, उरले १६,४५,०००. हा माझ्या मते त्या गाडीचा, त्या दिवशीचा, त्या गॅरेजमधला रास्त भाव.

सौदा

विकणाऱ्यापासून हिशेब लपवू नका. माझा अनुभव असा की घरगुती माणसाला वही उघडून दाखवली की तो ऐकतो, आणि नुसतं "जास्त आहे" म्हटलं की दुखावतो. मी आंटींसमोर पान ठेवलं, टोच्यावर निघालेली पूड दाखवली, आणि वह्यांतली १९५८ ची ओळही. त्या बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या. "हो, तेव्हा केबल मुंबईहून यायची होती," त्या म्हणाल्या. "मी विसरले होते."

भाच्याने १६ सांगितले. आंटींनी १८ म्हटलं. त्या दुपारी सौदा १७ लाख २५ हजाराला ठरला, रास्त भावापेक्षा ऐंशी हजार वर. मी ते चालू दिलं, कारण वह्या आणि फोटो त्यांनी गाडीसोबत द्यायचं कबूल केलं. पुढे कधी भाचा विकायला काढेल तेव्हा त्या सहा वह्याच गाडीची हकिगत सांगतील.

बयाणा दिला तेव्हा कागदावर चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, वारसाच्या नावावर झाल्यावरच उरलेले पैसे देण्याची अट, आणि गाडीसोबत येणाऱ्या वस्तूंची यादी, अगदी जॅकपर्यंत, लिहून घेतली. खाली मी माझ्या अक्षरात एक ओळ घातली: काट्यावरचं रिडिंग १८,६४० मैल, मार्च १९५८ ते १९६१ काटा बंद, खरं अंतर अज्ञात. आंटींनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि तिच्यासमोर वेगळी सही केली.